नवे पाळक आहात? बदलाआधी एवढं करा

चर्चच्या मंडळीत रुजू होताच उपासनेची वेळ, गीतं, कमिटी सगळंच बदलावंसं वाटतंय, ही तळमळ चांगलीच आहे. फक्त पहिल्या वर्षी घाई नको.

आधी घरोघरी जा, ऐका. बायबलमधला नहेम्या यरुशलेम शहराचा कोट पुन्हा बांधायला आल्यावर तीन दिवस थांबला, मग रात्री मोजकी माणसं घेऊन तो पडका कोट पाहून आला. लोकांशी बोलला तो त्यानंतरच. एखादी आजी जुन्या गीताचा हट्ट धरते, कारण ते तिच्या नवऱ्याच्या अंत्यविधीला गायलेलं असतं. असं काही आहे का, हे कळेपर्यंत गीतांच्या यादीला हात लावू नका.

मग निर्णयात लोकांना घ्या. बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय 6 पाहा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होत होतं. प्रेषितांनी, म्हणजे त्या मंडळीच्या पुढाऱ्यांनी, तक्रार दाबली नाही आणि माणसंही स्वतः निवडली नाहीत; शिष्यांना एकत्र बोलावून सात जण निवडायला सांगितले. मला हा अध्याय फार मोलाचा वाटतो.

नव्यांच्या हमखास चुका:

- पंचांशी, म्हणजे मंडळीच्या कमिटीतल्या लोकांशी, न बोलता थेट उपासनेत घोषणा करणं. त्यांना ती इतरांबरोबर कळली, की मदत करणारेही दुरावतात.
- विरोधकाला उपदेशातून टोमणे मारणं. हे कधीच करू नका, त्याच्या घरी जाऊन बोला.
- एकदम चार बदल.

मंडळीची घटनादुरुस्ती, मतदान वगैरे सध्या बाजूला ठेवा. तुमच्या मनातल्या पहिल्या बदलाची झळ कोणाला बसेल, त्यांची नावं लिहा आणि या आठवड्यात त्यांतल्या एकाला भेटा.