एचपीव्ही पॉझिटिव्ह आलं, आता नवऱ्याला काय विचारू?

प्रश्न: ताई, मी ४१ची, वाशीला राहते. रुटीन चेकअपमध्ये एचपीव्ही (शरीरसंबंधातून पसरणारा, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरशी जोडलेला व्हायरस) पॉझिटिव्ह आलंय, पॅप (तिथल्या पेशींची तपासणी) नॉर्मल. लग्नाला १६ वर्षं झाली, मग हे आलं कुठून? रिपोर्ट पर्समध्येच लपवलाय.

उत्तर: अगं, आधी तो रिपोर्ट बाहेर काढ आणि व्हायरसचा टाइप, म्हणजे त्याचा नंबर, बघ. हा व्हायरस अंगात वर्षानुवर्षं गप्प बसतो, लग्नाआधीचाही असू शकतो, तुझा नाहीतर त्याचा, त्यामुळे नवऱ्याची उलटतपासणी घेऊन काहीच कळणार नाही, उगाच घरात धुसफुस. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, बहुतेकींचं इन्फेक्शन २ वर्षांत आपोआप जातं. पण टाइप १६ किंवा १८ लिहिलं असेल तर पॅप नॉर्मल असला तरी कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी) करायचीच. दुसरा टाइप असेल तर साधारण वर्षाने परत टेस्ट, तारीख डॉक्टरांकडून लिहूनच घे.