फिरती सीट, रॅम्प आणि कलम 52

परभणीच्या ताई, यजमानांना पार्किन्सन आहे, गाडीत बसताना पाय आत घेता येत नाहीत, गुडघा दारात अडकतो, आता फिरती (दाराकडे वळणारी) सीट बसवावी की मागून रॅम्प करावा, हा तुमचा प्रश्न वाचला. आमच्या घरी हेच झालं होतं. माझ्या पत्नीला स्नायूंचा आजार आहे. लातूरहून हैदराबादला तपासणीला जायचं म्हटलं की प्रवासापेक्षा तिला गाडीत बसवण्याचीच धास्ती असायची.

माझं मत स्पष्ट आहे, आजची ताकद बघून निवडू नका. गोळीचा असर उतरत आलेला असतो ती वेळ धरा आणि यजमान आधार घेऊन उभं राहून वळतात का ते बघा. वळत असतील तर फिरती सीट चालेल. तेव्हा दोघांनी उचलावं लागत असेल तर सीटवर पैसे घालू नका, व्हीलचेअरसकट आत जाता येईल अशीच गाडी बघा. पण रॅम्पला जागा लागते. गाडीचा तळ जमिनीपासून 60 सेंटिमीटर असेल आणि चढ एकास चार ठेवायचा म्हटलं तरी फळी सुमारे अडीच मीटर होते. तुमच्या गल्लीत गाडीमागे तेवढी जागा आहे का? खुर्चीत बसल्यावर डोक्याची उंचीही मोजून न्या. खुर्ची चारही बाजूंनी पट्ट्यांनी तळाला बांधायची आणि माणसाला वेगळा सीटबेल्ट. खुर्चीचा स्वतःचा पट्टा अपघातात कामाचा नाही.

फिरती सीट घेणार असाल तर मूळ सीटमध्ये एअरबॅग आहे का आणि बेल्टचं बक्कल सीटलाच जोडलेलं आहे का, हे बसवणाऱ्याकडून लेखी घ्या.

आता तुम्ही विचारलेलं नाही तेच मला जास्त सांगायचंय. आम्ही सीट बसवली आणि आरसीवर नोंद करून घ्यायला आरटीओ कार्यालयात गेलो. खिडकीवर पहिला प्रश्न, "आधी परवानगी घेतली होती का?" नाही म्हटल्यावर, सीट काढा, जुनी बसवून आणा, मग अर्ज करा. पुढच्या खेपेला दुसरा कर्मचारी म्हणाला, दिव्यांग प्रमाणपत्र बाईंचं आणि गाडी तुमच्या नावावर, हे कसं चालेल? लेखी मात्र कुणी काही देईना. इकडे विमा कंपनी म्हणायली, आरसीवर नोंद नसेल तर दाव्याचं सांगता येत नाही. गाडी दारात उभी आणि आम्ही भर उन्हात हिला उचलून रिक्षात बसवायलोत. तो राग अजून गेलेला नाही, कारण कायदा तिच्या बाजूने होता.

मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. 2019 च्या दुरुस्तीनंतरचं पोटकलम 2 वाचा. दिव्यांग व्यक्तीसाठी मालकाला आपल्या गाडीत बदल करता येतो आणि मंजुरी नंतर घेता येते. बदल केंद्र सरकारच्या अटींत बसला पाहिजे, एवढंच. कायद्यात अशा बदललेल्या गाडीच्या व्याख्येत फक्त त्या व्यक्तीने किंवा तिच्यासाठीच वापरलेलं वाहन असं आहे, म्हणजे चालवणारा धडधाकट असला तरी चालतं. मी वकील नाही, पण कायद्याच्या त्या पानाची छापील प्रत अर्जाला जोडा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी नकार ऐकून घरी येऊ नका, लेखी कारण मागा. तरी दाद मिळाली नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) मात्र आत्ताच काढा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत पार्किन्सन आहे. नवी गाडी घेणार असाल तर यजमानांच्या नावावर घ्या. 22 ऑक्टोबर 2020 च्या अधिसूचनेनंतर नोंदणीच्या अर्जात मालकाच्या प्रकारात 'दिव्यांगजन' लिहिता येतं. आमची गाडी जुनी, त्यामुळे हे आम्हाला उपयोगी पडलं नाही.

तोवर एक करून बघा. सीटवर जुन्या रेशमी साडीचा दुहेरी तुकडा टाका, त्यावर बसून वळायला सोपं जातं. वळून झालं की तो काढायचा, नाहीतर ब्रेक लागल्यावर माणूस बेल्टखालून घसरतो. आणि उन्हाळ्यात बेल्टच्या बक्कलवर ओलं फडकं ठेवत जा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ते इतकं तापतं की चटका बसतो, आणि हात हळू चालणाऱ्या माणसाला तो पटकन मागे घेता येत नाही.

तुमची गाडी कोणती आणि सीट जमिनीपासून किती उंच आहे, तेवढं कळवा. त्यावर सीटचं जास्त नेमकं सांगता येईल.