जजचं प्रोफाइल लिहायला बसलीस त्या निमित्ताने

अगं पोरी,

अमेरिकेतल्या राज्य अपील कोर्टाच्या जजबाईंवर विकिपीडियासाठी लिहिलेला तुझा ड्राफ्ट मिळाला. काल रात्री वाचला, आज सकाळी परत वाचला, आणि मग त्या निकालाची अख्खी पीडीएफ उघडून बसले, बावीस पानांची, कारण तुझ्या एका वाक्यापाशी मी अडकले होते. बाकीचं छान जमलंय, भाषा स्वच्छ आहे, उगाच पाल्हाळ नाही. पण ते एक वाक्य काही डोक्यातून जाईना. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं म्हणून लिहितेय.

वाक्य हे: '२०१९ मध्ये त्यांनी दरोड्यातल्या आरोपीची सुटका केली, त्यावरून लोकांमध्ये संताप पसरला.'

आता त्या निकालाचं शेवटचं पान काढ. तिथे लिहिलंय की शिक्षा रद्द, केस खालच्या कोर्टाकडे परत, नव्याने ट्रायल घ्या. सुटका असं बावीस पानांत कुठेही नाहीये. कारण काय, तर खालच्या जजनी ज्युरीला, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांना, कायदा समजावून सांगताना एक महत्त्वाचा भाग गाळला होता, बस एवढंच. मग पहिल्या पानावर ये. निकाल लिहिलाय दुसऱ्याच जजनी, तुझ्या जजबाईंनी त्याला सहमती दिलीय आणि तिसऱ्यांनी असहमतीचं मत वेगळं लिहिलंय. आणि तो 'संताप'? मी तुझा सोर्स उघडला, साइट बातम्यांचीच आहे, पण त्यात छापलंय ते विरोधी उमेदवाराच्या प्रचारपत्रकातलं वाक्य, जसंच्या तसं. म्हणजे एका ओळीत तीन चुका झाल्या, आणि तिन्ही मुद्दाम केलेल्या नाहीत हे मला पक्कं माहितीये, म्हणूनच सविस्तर सांगते.

अपील कोर्टात साक्षीदार येत नाहीत, ज्युरी बसत नाही, कोणी दोषी की निर्दोष हे तिथे ठरवत नाहीत. खालच्या कोर्टात जे झालं त्याचं रेकॉर्ड आणि दोन्ही बाजूंचे लेखी युक्तिवाद वाचायचे, थोडा वेळ तोंडी ऐकायचं (तेही दर वेळी नाही), आणि कायद्याची चूक झाली का एवढंच बघायचं. बहुतेक राज्यांच्या मधल्या अपील कोर्टात हे तीन जजचं पॅनेल करतं. तेव्हा कुठलाही निकाल प्रोफाइलमध्ये घेताना चार गोष्टी पक्क्या केल्याशिवाय पुढे जाऊच नको: पॅनेलवर कोण कोण होतं, लिहिला कोणी, आपले जज कुठल्या बाजूला होते, आणि शेवटी नक्की झालं काय, निकाल कायम ठेवला, फिरवला, की परत पाठवला. काही निकालांवर लिहिणाऱ्याचं नावच नसतं, ते कोर्टाच्या नावाने निघतात, ते एका जजच्या खात्यावर टाकणं म्हणजे सरळ चूक. आणि पुढे वरच्या कोर्टाने तो निकाल उलटवला का हेही बघायचं, ते राहिलं तर वाचकाला अर्धीच गोष्ट कळते.

तुला वाटेल एवढं काय त्यात, एक वाक्य तर आहे. वेस्ट व्हर्जिनियातलं २००४ सालचं प्रकरण वाच. तिथल्या सर्वोच्च कोर्टाची निवडणूक होती, वॉरन मॅकग्रॉ हे आधीपासून पदावर होते, ब्रेंट बेंजामिन त्यांच्या विरोधात. मॅसी एनर्जी या कोळसा कंपनीचे प्रमुख डॉन ब्लँकनशिप यांनी सुमारे ३० लाख डॉलर त्या निवडणुकीत ओतले. त्यांच्या कंपनीविरुद्ध ५ कोटी डॉलरचा निवाडा झाला होता आणि तो अपिलात त्याच कोर्टापुढे येणार होता. पण जाहिरातींत कोळशाचं नावसुद्धा नव्हतं, त्यांचा मुख्य भर एकाच निकालावर होता, मुलांवर अत्याचार केलेल्या एका गुन्हेगाराला मॅकग्रॉ यांनी मोकळं सोडलं असा सूर. खरं तर तो पाच जणांच्या कोर्टाचा बहुमताचा निकाल होता, आणि त्या माणसाला प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाबाहेर पण देखरेखीखाली, ठेवलं होतं. मॅकग्रॉ हरले. पुढे बेंजामिन यांनी कंपनीच्या केसमधून बाजूला व्हायला नकार दिला, निवाडा ३ विरुद्ध २ ने कंपनीच्या बाजूने फिरला, आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाला ५ विरुद्ध ४ अशा मतांनी सांगावं लागलं की बेंजामिन यांनी त्या केसमध्ये बसायला नको होतं. आता मला सांग, मॅकग्रॉ यांच्यावर कोणी दोन ओळी लिहिल्या आणि त्यात त्या जाहिरातीची भाषा तशीच उचलली, तर विश्वकोशाच्या पानावर त्या पैशांचंच काम पुढे चालू राहिलं ना? तुझं वाक्य त्याच वाटेने तुझ्यापर्यंत आलंय, फक्त छोट्या प्रमाणात.

आणि हे वाचतं कोण, ते डोळ्यासमोर ठेव. मोठ्या जजांवर पुस्तकं असतात, मुलाखती असतात. राज्याच्या अपील कोर्टातल्या जजबद्दल आपण लिहितो ती चार परिच्छेदांची नोंद बहुतेकदा नेटवरची एकमेव सविस्तर नोंद असते. मतपत्रिकेवर कधीच न ऐकलेलं नाव दिसलं म्हणून रात्री फोनवर शोधणारा मतदार, आपली केस ज्या पॅनेलपुढे लागलीय ती बाई, तिचा वकील, हे आपले वाचक. ते आपलं वाक्य तपासून बघत नाहीत, ते त्यावर विश्वास ठेवतात.

आता कोर्टांच्या नावांबद्दल, कारण तू पुढचं प्रोफाइल न्यूयॉर्कचं घेणार म्हणतेस. तिथे सगळं उलटंसुलटं आहे. न्यूयॉर्कचं 'सुप्रीम कोर्ट' हे ट्रायल कोर्ट आहे, त्याच्या वर अपेलेट डिव्हिजन, तिचे चार विभाग, आणि सगळ्यात वर 'कोर्ट ऑफ अपील्स'. नामवंत जज बेंजामिन कार्डोझो त्या शेवटच्या कोर्टाचे, तिथून ते अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेले. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये सुप्रीम कोर्टातून कोर्ट ऑफ अपील्समध्ये जाणं ही बढती आहे, आणि ते उलटं लिहिलेलं मी स्वतः कितीदा दुरुस्त केलंय. पदनामही तसंच, वरच्या कोर्टात 'जज' आणि खाली अपेलेट डिव्हिजनमध्ये 'जस्टिस'. मेरीलँडमध्येही वरच्या कोर्टाला कोर्ट ऑफ अपील्सच म्हणायचे, डिसेंबर २०२२ मध्ये नाव बदलून सुप्रीम कोर्ट ऑफ मेरीलँड झालं आणि मधलं कोर्ट झालं अपेलेट कोर्ट, तेव्हा जुन्या जजबद्दल लिहिताना त्यांच्या काळातलं नावच वापरायचं. टेक्ससमध्ये शिखरावर दोन कोर्टं, दिवाणी वेगळं, फौजदारी वेगळं. एकट्या ह्यूस्टनला दोन अपील कोर्टं, पहिलं आणि चौदावं, दोघांचा इलाखा तोच. मी अजूनही नवीन राज्य घेतलं की आधी कोर्टांची उतरंड कागदावर काढते आणि मगच माणसाकडे वळते.

जज त्या खुर्चीवर आले कसे, हेही प्रत्येक राज्यात वेगळं. कॅलिफोर्नियात गव्हर्नर नाव सुचवतात, मग तीन जणांचं एक कमिशन मान्यता देतं, मग शपथ, आणि पुढे मतदार फक्त ठेवायचं की नाही एवढंच ठरवतात, मुदत १२ वर्षांची. तेव्हा तुझ्या हाती तीन तारखा येतील आणि तिन्ही कुठे ना कुठे 'नियुक्ती' म्हणून छापलेल्या असतील. नॉर्थ कॅरोलायनात १५ जजचं अपील कोर्ट आहे, सगळे राज्यभरातून पक्षाच्या चिन्हावर निवडून येतात, ८ वर्षांसाठी. आपल्याकडे न्यू जर्सीत अपील विभागाचे जज वेगळे निवडतच नाहीत, सुपिरियर कोर्टातल्याच जजना चीफ जस्टिस तिथे नेमतात. या फरकावर विकिपीडियाची उल्लेखनीयताही, म्हणजे त्या माणसावर वेगळं पान असावं की नाही हेही, अवलंबून असते. इंग्रजी विकिपीडियाचा नियम राज्यव्यापी पद सांभाळलेल्या जजना उल्लेखनीय धरतो, मग राज्यभरातून निवडून आलेला जज त्यात बसतो, पण एका जिल्हागटापुरत्या अपील कोर्टातल्या जजवरून वाद होतो, आणि तिथे शेवटी स्वतंत्र सोर्सच लागतात. कोर्टाच्या साइटवरचा परिचय त्यांच्याच ऑफिसने दिलेला असतो. शिक्षण, तारखा, आधीची नोकरी यासाठी तो वापर, 'अत्यंत आदरणीय' वगैरे विशेषणं तिथेच राहू दे. निवडणुकीचे आकडे राज्याच्या अधिकृत निकालातूनच घे. आणि खटल्याची कागदपत्रं खणून एखाद्या जिवंत माणसाबद्दल स्वतः निष्कर्ष काढायचा नाही, विकिपीडियाचा नियमच आहे तसा, आणि योग्य आहे.

फोटोचं थोडक्यात: सरकारी साइटवरचा फोटो म्हणजे फुकट असं नाही, केंद्र सरकारचं काम कॉपीराइटमुक्त असतं पण राज्यांचं तसं नसतं, कॅलिफोर्निया-फ्लोरिडासारखी राज्यं त्यात अपवाद. शंका असेल तर फोटोशिवाय जाऊ दे.

'पहिली महिला' हा शब्द तू दोनदा वापरलायस. मलाही तो लिहिताना आनंद होतो, खोटं कशाला बोलू, पण त्याच्यापुढे नेहमी विचार, कुठल्या कोर्टात पहिली, निवडून आलेली की नेमलेली, कायमची की तात्पुरती? फ्लोरेन्स ॲलन १९२२ मध्ये ओहायोच्या सुप्रीम कोर्टावर निवडून आल्या, कुठल्याही राज्याच्या सर्वोच्च कोर्टातल्या त्या पहिल्या महिला. आणि १९२५ मध्ये टेक्ससला एका केसमधून नेहमीचे जज बाजूला झाले तेव्हा गव्हर्नरनी तीन महिलांचं खास कोर्ट नेमलं, हॉर्टेन्स वॉर्ड, हॅटी हेनेनबर्ग आणि रूथ ब्रॅझिल, फक्त त्या एका केसपुरतं. दोन्ही 'पहिल्या', पण वेगवेगळ्या अर्थाने. सँड्रा डे ओ'कॉनर १९८१ मध्ये देशाच्या सुप्रीम कोर्टातल्या पहिल्या महिला झाल्या हे सगळे लिहितात, त्याआधी १९७९ पासून त्या ॲरिझोनाच्या अपील कोर्टात होत्या हे एका ओळीत उरकतात, आणि मला ती ओळच वाढवाविशी वाटते.

आता ज्याच्यावर मी अजिबात ऐकणार नाही ते. ड्राफ्टमध्ये तू मुलांची नावं, शाळा आणि गावाच्या कुठल्या भागात घर आहे ते लिहिलंयस. काढ. आजच काढ. जुलै २०२० मध्ये इथे नॉर्थ ब्रन्सविकला जज एस्थर सॅलस यांच्या घरी एक माणूस डिलिव्हरीवाला बनून आला आणि त्यांच्या २० वर्षांच्या मुलाला, डॅनियलला, गोळ्या घालून गेला. डॅनियलचे वडील जबर जखमी झाले. सॅलस फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टाच्या जज, पण त्यानंतर त्याच वर्षी न्यू जर्सीने डॅनियलच्या नावाने जो कायदा केला, त्यात राज्याच्या जजांचे पत्तेही येतात. मी त्या गावापासून फार लांब राहत नाही, तो रविवार मी विसरलेले नाही. माहिती कुठेतरी आधीच छापलेली आहे म्हणून आपणही छापायची, हे मला पटत नाही. जोडीदाराचा उल्लेख फक्त तो स्वतः सार्वजनिक जीवनात असेल तर, नाहीतर तोही नको.

माझी एक चूक सांगते, मग तू तपासणीत कंटाळा करणार नाहीस. सुरुवातीच्या वर्षांत एका जजच्या नोंदीत मी मृत्यूची तारीख घातली, वर्तमानपत्रातला मृत्युलेख समोर ठेवून. नाव तेच, शहर तेच, दोघंही जज. वारले होते ते वडील, नोंद होती मुलाची, आणि ते तेव्हा रोज कोर्टात बसत होते. अकरा दिवस ते पान तसंच राहिलं. वडील गेलेल्या माणसाने स्वतःचं नाव शोधावं आणि असं काही दिसावं, हे मनात आलं की आजही पोटात कालवतं. तेव्हापासून मी जन्मवर्ष आणि वकिलीची सनद मिळाल्याचं वर्ष या दोन गोष्टी जुळल्याशिवाय दोन सोर्स एका माणसाचे मानत नाही.

मराठी आवृत्ती तू करणार आहेस याचा मला मनापासून आनंद झालाय. तिथे एक सांभाळ, 'सर्वोच्च न्यायालय' वाचलं की आपल्या माणसाच्या डोळ्यासमोर दिल्ली येते, तेव्हा प्रत्येक वेळी 'ओहायो राज्याचं सर्वोच्च न्यायालय' असं पूर्ण लिही. आणि मधल्या अपील कोर्टाला उच्च न्यायालय म्हणू नको, मुंबई उच्च न्यायालयाच्या वर थेट दिल्ली असते, इथे मधल्या कोर्टाच्या वर राज्याचंच आणखी एक कोर्ट असतं आणि राज्याच्या कायद्याबाबत त्याचाच शब्द शेवटचा. 'राज्य अपील न्यायालय' चालेल. जज निवडणूक लढवतात हे आपल्या वाचकाला खरंच वाटणार नाही, ते एका वाक्यात समजावून दे. न्यायमूर्ती लिहायचं की न्यायाधीश यावर माझं अजून ठरत नाहीये, आपल्याकडे उच्च न्यायालयापासून वर न्यायमूर्ती म्हणतात त्या हिशेबाने मी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयालाच न्यायमूर्ती लावते, पण तुझं मत वेगळं असेल तर ऐकायचंय.

ते वाक्य असं करून बघ: '२०१९ मध्ये तीन सदस्यांच्या पॅनेलने दरोड्याच्या एका खटल्यातली शिक्षा ज्युरीला दिलेल्या सूचनांमधल्या त्रुटीमुळे रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला, त्या स्वतः बहुमताच्या बाजूने होत्या. पुढच्या निवडणुकीत विरोधी उमेदवाराने या निकालावरून त्यांच्यावर टीका केली.' लांब झालंय, पण प्रत्येक शब्दाला मागे कागद आहे. निवडणुकीच्या भागाला दुसरा स्वतंत्र सोर्स मिळतो का बघ, नाही मिळाला तर शेवटचं वाक्य काढून टाक.

रविवारी दुपारी मी घरीच आहे, पीडीएफची प्रिंट काढून ये, असहमतीचं मत आपण दोघी मिळून वाचू. जेवायलाच ये.

तुझी,
मावशी