बीडच्या ऊसतोड बायका खरंच स्वतःहून गर्भपिशवी काढून घेतात का?

तुम्ही विचारलंय की पाळीची कटकट नको म्हणून या बायका स्वतःच ऑपरेशन करून घेतात, हे खरं का? माझे आईवडील बीडहून तोडीला जायचे. आईची पिशवी चौतिसाव्या वर्षी काढली. तिनंही डॉक्टरांना 'हो'च म्हटलं होतं. ते 'हो' कुठून आलं ते सांगते.

दिवाळीच्या आसपास टोळी निघते. टोळी नेणारा ठेकेदार म्हणजे मुकादम. त्याची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडप्याला मिळते, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईनं एक दिवस अंग टाकलं तरी कोयत्याचा खाडा, म्हणजे दंड, लागतो, आणि तो पैसा अंगावरच्या उचलीत वाढतो. उसाच्या फडात ना संडास, ना आडोसा. पाणी लांबून आणायचं. आई पाळीचं कापड कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, आत गोधडीखाली वाळवायची, उन्हात टाकायची लाज वाटे. सकाळी ते ओलसरच असायचं, तेच परत घ्यायचं आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं.

मग अंगावरून पांढरं जायला लागलं, ओटीपोट दुखायला लागलं. खासगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली आणि डॉक्टर म्हणाले, पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल. गोळ्यांचा विषयही निघाला नाही. असा त्रास बहुतेकदा संसर्गाचा असतो आणि औषधानं बरा होतो, हे मला खूप उशिरा कळलं. ऑपरेशनचे पैसे मुकादमानं दिले, पुढच्या उचलीत धरून.

आई एकटी नव्हती. 2019 मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे साधारण सहांत एक. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही गरज नसताना पिशवी काढण्याला आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला राज्यांना सांगितलं. हे हवंच होतं. पण परवानगीचा कागद दवाखान्यात लागतो, खाडा फडात लागतो. पाळीच्या दिवसांत बाई बसली तरी हिशेबात कापायचं नाही, एवढं झालं तर अर्ध्या जणी दवाखान्याची पायरीच चढणार नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

ऑपरेशननंतर वर्षभरात आईला रात्री अंगाची आग व्हायची, पुढं गुडघे आणि कंबर गेली. अंडाशयं काढली की असा त्रास लवकर सुरू होतो, म्हणून पिशवीसोबत अंडाशयंही काढली होती का, असं मी विचारलं. तिला माहीत नव्हतं. फाईल शोधली, तर आत फक्त बिल होतं.