पिंग होतंय, मग लिंक का पडते?

प्रश्न : आमच्या दोन मेनफ्रेममध्ये, दोन्हीकडे झेड/ओएस ही ऑपरेटिंग सिस्टम, एंटरप्राइज एक्स्टेंडरची लिंक आहे, म्हणजे आयबीएमचं एसएनए ट्रॅफिक आयपी नेटवर्कवरून जातं. आठवड्यातून दोन-तीनदा ती मध्येच पडते. कन्सोलवर आयएसटी१४११आय, म्हणजे इनॉपचा (लिंक बंद पडल्याचा) मेसेज येतो आणि खाली कारण एलडीएलसी (लिंक सांभाळणारा प्रोटोकॉल) कमांड टाइमआउट. परत डायल केलं की लगेच चालू. नेटवर्कवाले म्हणतात पिंग होतंय, त्या वेळेच्या लॉगमध्ये काहीच नाही, प्रॉब्लेम तुमच्याकडे आहे. आता बघायचं कुठे?

उत्तर : आधी घड्याळ बघा. नेटवर्कवाल्यांना तुम्ही मेसेजची वेळ दिली असणार आणि त्यांनी त्याच मिनिटाचा लॉग उघडला असणार, त्यात खरंच काही नसतं, कारण घोळ त्याआधीच होऊन गेलेला असतो. व्हीटॅम (मेनफ्रेमवर ही लिंक सांभाळणारं सॉफ्टवेअर) कसं चालतं बघा, समोरून १० सेकंद काहीच आलं नाही (हा लिव्हटाइम) की ते टेस्ट ('आहेस का' विचारणारं पॅकेट) पाठवतं, उत्तरासाठी १५ सेकंद थांबतं, नाही आलं की परत पाठवतं, असं अजून तीनदा, आणि मग लिंक पाडतं. १० अधिक चार वेळा १५, एकूण ७० सेकंद. म्हणजे मेसेज ०२:१४:३० ला आला असेल तर समोरचा आवाज बंद झाला ०२:१३:२० च्या आसपास. ती वेळ द्या आणि राउटर, फायरवॉल सगळ्यांची घड्याळं जुळतायत का तेही विचारा. हे आकडे डिफॉल्ट आहेत, तुमच्या एक्ससीए मेजर नोडमध्ये (व्हीटॅममध्ये या लिंकची सेटिंग असते तिथे) कोणी बदललेत का ते एकदा बघून घ्या.

आता पिंगचं. पिंग चालतं आयसीएमपी या प्रोटोकॉलवर, आणि तुमची लिंक चालते यूडीपी या वेगळ्या प्रोटोकॉलवर, पोर्ट १२००० ते १२००४. फायरवॉलला ही दोन वेगळी माणसं आहेत, एकाला आत सोडलं म्हणून दुसऱ्याला सोडेलच असं नाही. त्यातही वरची टेस्ट जाते फक्त १२००० वरून, खरा डेटा बाकीच्या चार पोर्टवरून, त्यामुळे कधीकधी लिंक चालू दिसते पण सेशन अडकलेली असतात. फायरवॉलचा रूल दोन्ही दिशांनी आहे का हे नक्की तपासा! एकाच दिशेने असेल तर आपल्याकडून पॅकेट गेलं की उत्तर यायला वाट उघडी राहते, मग थोडा वेळ शांतता झाली की फायरवॉल ती एन्ट्री विसरतं आणि समोरच्याने आधी बोलायचा प्रयत्न केला की दार बंद. असा रूल चाचणीत कधीच सापडत नाही, कारण चाचणी आपण आपल्याच बाजूने सुरू करतो. डी नेट,ईईडायग ही कमांड टेस्ट=येस देऊन दोन्ही बाजूंनी चालवा, ती पाचही पोर्ट तपासते आणि कुठल्या हॉपपर्यंत (वाटेतल्या राउटरपर्यंत) पोचतंय तेही दाखवते.

आणि एक विनंती, रिट्राय (टेस्ट परत किती वेळा पाठवायची तो आकडा) वाढवून मोकळे होऊ नका. नेटवर्कला दुसऱ्या रस्त्यावर वळायला ७० सेकंदांपेक्षा जास्त लागतात हे सिद्ध झालं तर जरूर वाढवा, नाहीतर लिंक पडायची तेवढी उशिरा पडेल आणि तोवर सेशन लटकलेली राहतील.

प्रश्न : मोठी फाइल एफटीपीने पाठवली की फाइल पूर्ण पोचते, बाइट जुळतात, तरी जॉब शेवटी फेल. छोट्या फाइलला काही होत नाही.

उत्तर : एफटीपीची कनेक्शन दोन असतात, एक डेटाचं, एक कंट्रोलचं (कमांड आणि निरोपांचं). डेटावाल्यावरून फाइल जात असते तेव्हा कंट्रोलवालं गप्प बसलेलं असतं, आणि ट्रान्सफर फार लांबली की मधलं फायरवॉल ते मेलं समजून काढून टाकतं. मग 'झालं' हा निरोप परत येतच नाही. टीसीपीचा कीपअलाइव्ह (गप्प कनेक्शन जिवंत ठेवायला अधूनमधून पॅकेट पाठवणं) झेड/ओएसवर डिफॉल्टने १२० मिनिटांचा आहे, तोवर उशीर झालेला असतो. एफटीपी.डेटा या सेटिंगच्या फाइलमध्ये एफटीपीकीपअलाइव्ह सेकंदांत देता येतो, फायरवॉलचा आयडल टाइमआउट किती ते विचारा आणि त्यापेक्षा बराच कमी ठेवा.