ट्यूबलाइटच्या उजेडावर सेन्सर चालवायला ऑरगॅनिक सोलर सेल घेऊ का? तोच पुढे गच्चीवर चालेल का?

खोलीसाठी ऑरगॅनिक, म्हणजे कार्बनी रेणूंच्या थराचा सेल, जरूर घ्या. गच्चीवर मात्र सिलिकॉनचंच पॅनल लावा. दोन्हीकडे एकच सेल चालावा असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे, पण दोन्हीकडचा उजेडच वेगळा आहे.

भर दुपारच्या उन्हात दर चौरस सेंटीमीटरवर साधारण १०० मिलीवॉट ऊर्जा पडते. ऑफिसातल्या टेबलावर, ५०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) एलईडीखाली, ती जेमतेम ०.१५ मिलीवॉट असते. शिवाय उन्हातला डोळ्यांना न दिसणारा अवरक्त भागही सिलिकॉन वापरतं; एलईडीत तो जवळपास नसतोच. सिलिकॉनचा बँडगॅप, म्हणजे वीज तयार व्हायला उजेडाच्या कणात लागणारी किमान ऊर्जा, १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट; त्याहून जास्तीची वाया जाते, त्यामुळे खोलीतल्या उजेडाची बरीचशी ऊर्जा त्यात नुसती उष्णता होऊन जाते. इथे १.९ च्या आसपासचा बँडगॅप हवा, आणि ऑरगॅनिक पदार्थात रेणूची रचना बदलून तो हवा तिथे आणता येतो. मला या सेलचं खरं अप्रूप याचंच वाटतं.

२०१९ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी केलेले दोन रेणू बघा. वाय६ हा रेणू अवरक्तातलाही बराच उजेड शोषतो. त्याच्या सेलने उन्हात १५.७ टक्के कार्यक्षमता दिली. आयओ-४सीएलचा बँडगॅप मुद्दाम मोठा ठेवलेला. त्याच्या सेलने १००० लक्सच्या एलईडीखाली २६.१ टक्के दिली. म्हणून कोणी नुसती टक्केवारी सांगितली, तर आधी विचारा: कुठल्या उजेडात?

एक गोष्ट घरीच करून बघा. बाजारात मिळणारं छोटं सिलिकॉन पॅनल खोलीत ठेवून मल्टिमीटर लावा. व्होल्टेज दिसेल आणि काम झालं असं वाटेल. मग पॅनलच्या दोन टोकांमध्ये एक रेझिस्टर जोडा, व्होल्टेज धाडकन खाली येईल. करंट इतका कमी असतो की सेलच्या आतली बारीक गळतीही त्यातला मोठा वाटा खाते.

गच्चीवर अडचण आयुष्याची आहे. अतिनील किरण, ऑक्सिजन, ओलावा आणि उष्णता यांनी सेंद्रिय थर खराब होत जातो. चांगलं सीलबंद केलं तर टिकाऊपणा वाढतो, पण सिलिकॉन पॅनलवर २५ वर्षांची हमी मिळते; तिथे स्पर्धाच नाही. खोलीत हे हाल बरेच कमी होतात.

आता तुमचा हिशेब. १० चौरस सेंटीमीटरचा सेल, ५०० लक्स, २० टक्के कार्यक्षमता धरली तर सुमारे ३०० मायक्रोवॉट मिळतील. दर काही मिनिटांनी तापमान पाठवून मधल्या वेळात झोपणाऱ्या ब्लूटूथ सेन्सरला एवढं पुरतं. वायफाय सतत चालू ठेवणार असाल तर विषयच सोडा. दिवे बंद असतानाच्या वेळेसाठी वीज साठवणारा सुपरकपॅसिटर लागेलच.

स्वीडनमधली एपिशाइन ही कंपनी खास खोलीतल्या उजेडासाठी छापील ऑरगॅनिक सेल बनवते. तेवढा खर्च नको असेल तर कॅल्क्युलेटरमध्ये असतो तो अमॉर्फस सिलिकॉनचा सेल घ्या. त्याचा बँडगॅप १.७ च्या आसपास असल्याने खोलीत तो साध्या पॅनलपेक्षा बरा चालतो. मात्र काहीही मागवण्याआधी सेन्सर बसवायच्या नेमक्या जागी लक्स मोजा. टेबलावर ५०० असले तरी कपाटाशेजारच्या भिंतीवर १०० सुद्धा नसतील, आणि डेटाशीटमध्ये बघायचा तो त्याच लक्सचा करंट.