ईसीजी नॉर्मल, मग जीव का घाबरतो?

“तीनदा इमर्जन्सीत गेलो, मॅडम. तिन्ही वेळा ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’. काही नाही, तर मरतोय असं का वाटतं?” पस्तिशीतले गृहस्थ रिपोर्टांची जाडजूड फाइल घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). थोरल्या भावाची अँजिओप्लास्टी झाल्यापासून हे सुरू झालेलं. बायकोचा प्रश्न सरळ होता : “चौथ्यांदा झालं तर न्यायचं की नाही?”

मी आधी त्यातल्या एका रात्रीचं सगळं क्रमाने सांगायला लावलं. जेवून टीव्ही बघत बसलेले, आणि एकदम धडधड, दरदरून घाम, घसा आवळल्यासारखा. श्वास पुरेना म्हणून भराभर श्वास घेतला, मग ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटं वाकडी झाली. ती बोटं पाहून घरात रडारड. खरं तर भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, म्हणून बोटं अशी वळतात. शेजाऱ्यांनी तोंडावर कागदी पिशवी धरायला दिली होती. ते कधीही करू नये. दुखणं हृदयाचं किंवा फुप्फुसाचं निघालं तर जिवावर बेतेल.

त्यांना येत होता तो पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचा झटका. तो साधारण १० मिनिटांत टिपेला पोचतो, मग ओसरू लागतो. रिक्षा मिळून दवाखाना गाठेपर्यंत अर्धा तास गेलेला. डॉक्टरांसमोर बसला तो सावरलेला माणूस.

बायकोला मी ‘नेऊ नका’ म्हटलं नाही. छातीत पहिल्यांदाच दुखलं, नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, चालताना वाढलं, हातात-जबड्यात गेलं किंवा शुद्ध हरपली, तर थेट १०८. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना कधीकधी छातीत न दुखता नुसताच दम लागतो. हृदय ठीक आहे की नाही, हे ठरवणं समुपदेशकाचं काम नाही. यांचा ईसीजी, पुन्हा केलेला ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का, हे दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉइड, सगळं फिजिशियननी तपासलं होतं.

मला खटकलं ते वेगळंच. त्यांनी जिना सोडला होता, बाइक सोडली होती. धडधड म्हणजे धोका, हे डोक्यात बसलेलं. डॉक्टरांची परवानगी घेऊन तिसऱ्या भेटीत आम्ही दोघं दोन मजले चढलो. त्यांचं हृदय धडधडलं, माझं पन्नाशीतलं जरा जास्तच.

महिन्याभराने पुन्हा तस्संच झालं. बायको घड्याळ घेऊन शेजारी बसली. चौदाव्या मिनिटाला त्यांनी विचारलं, “दुधाखालचा गॅस बंद केलास का गं?”